कोणत्या पानावर थांबलात?

आमच्या वाचनालयातून नेलेली एक कादंबरी परत करायला गावातल्या एक काकी आल्या. पुस्तक टेबलावर ठेवलं, मधलं एक पान उघडलं आणि त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "बाई, हांगा चवथीक वायंगण लुंवतात. वायंगण चवथीक खंय आसता?"

कादंबरी गोव्यावरची, लेखक बाहेरचे आणि नावाजलेले. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या दिवसांत नायिका वायंगणाचं भात कापते आहे, असा चांगला चार पानांचा प्रसंग त्यात आहे. काकींचं अर्धं आयुष्य शेतातल्या चिखलात गेलं. पावसावर पिकतं ते सरद. वायंगण पाऊस सरल्यावर, अडवलेल्या पाण्यावर करायचं आणि उन्हं तापायला लागली की कापायचं. चवथीला देवापुढे येतात ती सरदाची नवी कणसं. हे आमच्याकडे शाळेत जायच्या आधी मुलांना ठाऊक असतं. काकींनी त्या पानावर पुस्तक मिटलं ते मिटलंच. मी म्हटलं, एवढ्याशा चुकीसाठी पुढची दीडशे पानं सोडलीत? त्या म्हणाल्या, "जाका हें खबर ना, ताका तिच्या मनांतलें कशें कळटलें?"

या कादंबरीवर मी दोन परीक्षणं वाचली होती. गोव्याच्या मातीचा गंध दोघांनाही आला होता. वायंगणाविषयी कुणी काही लिहिलेलं नव्हतं. काकींचं मत मात्र टेबलापाशी बोलून झालं आणि विरून गेलं. त्यानंतर ते पुस्तक सात-आठ जणांनी नेलं असेल. त्यांतल्या कुणालाही ते मत कळलं नाही, लेखकाला तर कळण्याचा प्रश्नच नाही.

या लेखात मला एकच मागणी करायची आहे. गोव्यातल्या प्रत्येक वाचनालयात, मग ते पंचायतीचं असो, देवस्थानाचं असो की एखाद्या मंडळाचं, पुस्तकांविषयीचं वाचकांचं मत लिहून ठेवलं जावं आणि नवी खरेदी करायला बसताना ती वही उघडून वाचली जावी. मागणी छोटी दिसते, पण तिच्या आड बरंच काही येतं.

मी फोंडा तालुक्यातल्या एका गावात राहते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी दोन तास वाचनालयाच्या टेबलावर बसते. त्यामुळे पुस्तकं कपाटात येतात कशी, हे जवळून पाहिलं आहे. अनुदान मंजूर होतं, आर्थिक वर्ष संपत आलेलं असतं आणि मार्च उलटायच्या आत पैसे खर्ची पडले पाहिजेत अशी घाई असते. मग विक्रेत्याची यादी समोर येते. जो जास्त सवलत देईल त्याच्या यादीवर खुणा होतात. कधी वरूनच गठ्ठे येतात. केंद्राची राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान ही संस्था 1972 सालापासून राज्यांच्या जोडीनं ग्रंथालयांना पुस्तकं पुरवते, आणि त्या मदतीमुळे खेड्यापाड्यांतली कितीतरी कपाटं भरली आहेत, हे मी कृतज्ञतेनं सांगते. गोव्याला 1993 पासून स्वतःचा सार्वजनिक ग्रंथालय कायदाही आहे. पैसा कमी-जास्त असेल, पण तो येतो. ज्यानं पुस्तक हातात घ्यायचं, त्याला या सगळ्या वाटेवर कुणी एकदाही काही विचारत नाही. एका वर्षी आमच्याकडे एकाच व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकाच्या पाच प्रती आल्या. पाचही प्रतींच्या तारखांच्या चिठ्ठ्या आज कोऱ्या आहेत, आणि पावसाळ्यात त्यांना बुरशी लागू नये म्हणून दर वर्षी मी त्या उन्हात घालते. त्याच वर्षी तीन मुलींनी नववीच्या विज्ञानाला धरून काहीतरी सोपं मराठीत हवं म्हणून मागणी वहीत लिहिलं होतं. त्या मुली आता कॉलेजात गेल्या.

ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यांतले दोन इथे टेबलाच्या काचेखाली लावून ठेवावेत असे आहेत: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. पहिल्यासाठी मागणी वही आहे, ती कुणी वाचो न वाचो. दुसऱ्यासाठी आपल्याकडे काहीच नाही. पुस्तक कपाटात पाठ दाखवून उभं असतं. ते कसं आहे, कुणासाठी आहे, कुठे रेंगाळतं आणि कुठे अंगावर काटा आणतं, हे आधी वाचलेल्या माणसानं सांगितल्याशिवाय पुढच्याला कळणार कसं? साखवाळच्या धर्मानंद कोसंबींना तरुणपणी एका मराठी मासिकातून बुद्धाचं चरित्र भेटलं आणि त्या माणसानं घर सोडून नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेशापर्यंत वाट तुडवली. कुठला मजकूर कुणाचं आयुष्य फिरवील हे कोणत्याच खरेदी समितीला सांगता येणार नाही. म्हणून तर वाचकाकडून वाचकाकडे जाणारा शब्द अडता कामा नये.

गोव्यात तो अडतो. इथे परिसर लहान आहे. ज्यांनी कथासंग्रह लिहिला ते माझ्या भावाचे शिक्षक असतात, कवयित्री माझ्या सुनेच्या मावशी असतात, आणि कादंबरीकाराची गाठ पुढच्या जत्रेत देवळाच्या पायरीवर पडायची असते. कुणाच्याही पुस्तकाविषयी उघड नापसंती बोलली की ती पुस्तकाविषयी राहत नाही, दोन घरांमधली होते. म्हणून प्रकाशन सोहळ्यात समई लागते, शाल-श्रीफळ होतं, आणि व्यासपीठावरचा प्रत्येक वक्ता पुस्तकाला 'वाचनीय' आणि 'संग्राह्य' म्हणून खाली बसतो. रविवारच्या पुरवण्यांत जे छापून येतं त्याला 'पुस्तक परिचय' म्हणतात, आणि ते नाव खरं आहे. परिचय म्हणजे ओळख करून देणं. परीक्षण वेगळं, आणि ते करायला लेखकापासून थोडं लांब असावं लागतं. दहा मैलांवर सासर आणि पाच मैलांवर माहेर असलेल्या माणसांना ते लांबपण कुठून मिळणार?

याहून मोठी अडचण दुसरी आहे, आणि तिच्याबद्दल मोकळेपणानं बोलायला हवं. कोंकणीला राजभाषा करणाऱ्या 1987 च्या कायद्यानंतर गोव्यातलं मराठी पुस्तक हे नुसतं पुस्तक राहिलं नाही. ते बाजू झालं. मराठीत लिहिणारा प्रत्येक जण किल्ला लढवतो आहे, अशी आपली भावना झाली, आणि ती समजण्यासारखीही आहे. सरकारी मराठी प्राथमिक शाळा पटसंख्येअभावी बंद पडताना मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. मी स्वतः जिथे शिकवलं तिथल्या एका वर्गात शेवटी चार मुलं उरली होती. अशा दिवसांत एखाद्या मराठी कवितासंग्रहाला 'कंटाळवाणा' म्हणणं म्हणजे आपल्याच माणसाच्या पाठीत सुरा, असं वाटणारे लोक माझ्या परिचयाचे आहेत आणि ते मनानं वाईट नाहीत.

पण टेबलावर बसून मी जे पाहते ते त्यांनी पाहिलेलं नाही. न आवडलेलं पुस्तक वाचक भांडून परत करत नाही. तो ते गुपचूप ठेवतो, "बरें आसा" म्हणतो, आणि दुसरं नेत नाही. पुढच्या महिन्यात येत नाही. वर्गणी थकते. वर्षानं नाव कमी होतं. भाषेचं नुकसान इथे, असं गुपचूप होत असतं. त्यापेक्षा कुणी तावातावानं येऊन "हे काय पुस्तक आहे?" म्हणालं असतं तर तो माणूस अजून आपला आहे, हे तरी कळलं असतं. पुस्तकावर रागावणारा वाचक परत येतो, कारण त्याला काहीतरी हवं असतं.

आणि वाचकानं तोंड उघडणं ही गोव्याच्या मराठीला परकी गोष्ट नाही. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्रींचं ख्रिस्तपुराण 1616 साली राशोलच्या छापखान्यात छापलं गेलं. आपल्या भूमीवर छापलेल्या मराठी ग्रंथांपैकी ते सगळ्यात जुन्यांतलं. त्याच्या आरंभीच एक प्रसंग आहे. साष्टीतल्या चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देणं चाललेलं असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण पुढे येतो आणि पाद्रीला विचारतो: आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला दुसरं पुराण आम्हांला का देत नाही? त्या विचारण्यातून जवळपास अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ उभा राहिला, आणि 1649 व 1654 मध्ये तो पुन्हा छापावा लागला. म्हणजे गोव्यातल्या मराठी छापील ग्रंथाच्या पहिल्या पानांवर एका वाचकाची तक्रार आहे. ज्या राजवटीत जीभ सांभाळून बोलावं लागायचं, त्या राजवटीत तो माणूस उभा राहून बोलला. आज आपल्याला कुणाचं भय आहे?

पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात छापायचा मजकूर आधी सेन्सॉरकडे जायचा. मडगावचं गोमंत विद्या निकेतन 1911 सालचं. पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर जरा श्वास घ्यायला मिळाला तेव्हा अशा संस्था उभ्या राहिल्या, आणि नंतरची कठीण वर्षं त्यांनी सोसली. ज्या पिढीनं वाचनालय म्हणजे मोकळेपणाची खोली असं मानलं, तिच्या वाचनालयांत आज मोकळं मत लिहायला कागद नाही, हे मला लागतं.

म्हणून काही वर्षांपूर्वी आम्ही टेबलाच्या कडेला दोनशे पानी वही ठेवली. वर लिहिलं, 'वाचकांचे अभिप्राय'. पहिले दोन महिने तिच्यात 'छान', 'सुंदर', 'अप्रतिम', 'प्रत्येकाने वाचावे असे' यांच्यापलीकडे काही आलं नाही. शाळेच्या शेरेबुकात पाहुणे लिहितात तसं. अभिप्राय म्हटलं की माणूस ताठ बसतो आणि शिष्टाचाराचं बोलतो. मग मी वरचा कागद काढला आणि दुसरा चिकटवला: 'कोणत्या पानावर थांबलात? का?' थांबला नसाल तर तसं लिहा.

त्यानंतर वही बदलली. कारण या प्रश्नाला उत्तर देताना कुणाला न्यायाधीश व्हावं लागत नाही. पान क्रमांक तर प्रत्येकाला आठवतो. आणि 'का' लिहायला घेतलं की खरं मत आपोआप उतरतं. "पान 40. इथपर्यंत आठ माणसांची नावं आली, कोण कुणाचा ते कळेना." "थांबले नाही. भात करपला." "पान 112. तो तिला सोडून जातो ते पटलं नाही, मागे तसा वागलेला नाही." मराठी घेऊन पदवी मिळवलेल्या माणसानं ही शेवटची ओळ लिहिली असती तर पात्राच्या सुसंगतीवर दोन पानं झाली असती. ती लिहिली आहे टेलरिंगचं दुकान चालवणाऱ्या बाईंनी.

आणखी एक गोष्ट झाली, जी मी आधी धरली नव्हती. निम्म्या नोंदी कोंकणीत येऊ लागल्या. आमच्या घराघरांत हे असंच असतं: वाचायचं मराठीत आणि वाचलेल्यावर बोलायचं कोंकणीत. पुस्तक मराठी आणि त्यावरचा राग, हसू, रडू सगळं कोंकणी. इतकी वर्षं वाचकांचं मत कागदावर का येत नव्हतं याचं हे एक कारण मला तेव्हा कळलं. आपण त्यांच्याकडून परीक्षेच्या मराठीत अभिप्राय मागत होतो. व्यवस्थापनातल्या एकांनी विचारलं, मराठी वाचनालयाच्या वहीत कोंकणी कशाला? मी म्हटलं, "लांबयलां" या एका शब्दात जे मत आहे ते "कथानकात अनावश्यक विस्तार आढळतो" मध्ये नाही. ज्या भाषेत माणसाला मत सुचतं तीच भाषा वहीत यायला हवी. यावर ज्यांना भांडायचं त्यांनी राजभाषेच्या सभेत भांडावं, वाचनालयाच्या टेबलावर नको.

या वहीत किती तऱ्हेची पुस्तकं आणि किती तऱ्हेची मतं शेजारी-शेजारी बसली आहेत, ते पाहण्यासारखं आहे. निवृत्त बस कंडक्टर आहेत एक. रहस्यकथेशिवाय दुसरं वाचत नाहीत. आमच्याकडे सराईत वाचकांची जुनी पद्धत अशी, की वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी जाऊ नये म्हणून ठरलेल्या एका पानावर बारीक खूण करायची. यांची खूण सत्तावीसाव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीचा टिंब. दीडेकशे पुस्तकांत तरी तो टिंब मला सापडला आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, आणि मराठी समीक्षेनं त्यांच्यासाठी किती पानं खर्च केली? या गृहस्थांनी वहीत एका नव्या लेखकाविषयी लिहिलं आहे, की खुनी कोण हे सांगण्याआधी वाचकाला सगळे धागे दिले पाहिजेत, शेवटच्या पानावर जुळा भाऊ आणणं ही फसवणूक. रहस्यकथेचा हा मूळ करार आहे. तो त्यांना कुणी शिकवलेला नाही, दीडशे पुस्तकांनी शिकवला.

पाककृतींच्या एका जुन्या पुस्तकात तर वही यायच्या आधीपासूनच चर्चा चालू होती. पानांच्या कडांवर तीन वेगळ्या हस्ताक्षरांत पेन्सिलीनं लिहिलेलं आहे. एकीनं लिहिलं, नारळ अर्धाच घ्या. दुसरीनं त्याखाली, 'अर्ध्या नारळान कितें जाता?' आणि तिसरीनं बांगड्याच्या कृतीशेजारी तिरफळ घालायचं राहिलंय म्हणून जाड अक्षरांत. नियमाप्रमाणे पुस्तकात लिहिणाऱ्याला दंड आहे. मी तो कधी लावला नाही. त्या पुस्तकाची नवी प्रत आली तेव्हा मी मुद्दाम जुनी कपाटात ठेवली, आणि लोक जुनीच नेतात.

एक नोंद मी अनेकदा वाचते. देवळांच्या आवारात आयुष्य काढलेल्या भाविणी-कलावंतिणींवर मराठीत बऱ्याच कादंबऱ्या आहेत, आणि वाचकांना रडवणाऱ्या आहेत. अशीच एक नेलेल्या बाईंनी लिहिलं: "थांबले नाही, शेवटपर्यंत वाचली. माझी आजी यातलीच. ती गाणं शिकवायची, जमिनीच्या कोर्टकज्ज्यात स्वतः उभी राहायची आणि खूप हसायची. पुस्तकातली बाई फक्त रडते. लेखकाला आमचं दुःख दिसलं, बुद्धी दिसली नाही." नाव लिहिलेलं नाही. अक्षर मी ओळखते, पण सांगणार नाही. या समाजानं शिक्षणात, संगीतात, राजकारणात काय मिळवलं हे गोव्याला सांगायची गरज नाही. तरी त्यांच्या आज्यांविषयीचं पुस्तक कसं झालं आहे, हे त्यांना विचारावं असं किती संपादकांना सुचलं? या चार-पाच ओळींनी ती कादंबरी मला पुन्हा वाचायला लावली, आणि तीन पिढ्यांच्या अश्रूंखाली जे झाकलं गेलं होतं ते दिसलं.

आता आक्षेपांकडे येते. सगळ्यात वजनदार आक्षेप असा, की वाचकांच्या मतानं खरेदी झाली तर वाचनालयात रहस्यकथा आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांखेरीज काही उरणार नाही. कविता कुणी मागणार नाही, कोश आणि इतिहासाचे खंड कुणी घेणार नाही. बा. द. सातोस्करांचे 'गोमंतक: प्रकृती आणि संस्कृती' चे खंड आमच्या कपाटातून वर्षात दोनदा उतरतात. मतांवर गेलं तर त्यांना जागा मिळणार नाही. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच मी मोजणीच्या विरुद्ध आहे. किती जणांना आवडलं, पाचपैकी किती, असले आकडे मला नकोत. मला कारणं हवीत. एका माणसानं एक ओळीचं खरं कारण दिलं तर ते वीस जणांच्या 'छान'पेक्षा खरेदी करणाऱ्याला जास्त उपयोगी पडतं. सातोस्करांच्या खंडाखाली एका मुलानं लिहिलं आहे, "आमच्या गावाचं जुनं नाव यात सापडलं." एवढं त्या खंडांची जागा राखायला पुरे आहे. वही निर्णय देणार नाही, निर्णय घेणाऱ्यांना ऐकवेल. तिच्यात काही नसलं तरी घ्यायलाच हवीत अशी पुस्तकं असतात, ती घ्यायची जबाबदारी समितीची आहे आणि राहावी.

दुसरा आक्षेप: लोक हिशेब चुकते करतील. जातीचे, पक्षाचे, भाषेचे. होय, करतील. आमच्या वहीतही दोन नोंदी तशा आल्या. दोन्हींत पान क्रमांक नव्हता. पान सांगा म्हटल्यावर दोन्ही माणसं पुढे बोलली नाहीत, आणि मी त्या नोंदींखाली 'पान दिलेले नाही' एवढं लिहून ठेवलं. वाचणाऱ्याला ते कळतं.

तिसऱ्या आक्षेपाबद्दल मला स्वतःची एक गोष्ट सांगावी लागेल, आणि ती सांगणं सोपं नाही. लेखक दुखावतात. आमच्या भागातल्या एका कवींच्या संग्रहाखाली बारावीतल्या एका मुलानं लिहिलं होतं: "पान 31. इथपर्यंतच्या आठ कविता एकाच कवितेसारख्या वाटल्या. सगळ्यांत समुद्र येतो आणि कवी किनाऱ्यावर एकटा असतो. नवव्या कवितेत आजोबांचं होडकं आहे, ती खूप आवडली. तशा आणखी हव्या होत्या." आज मी ती ओळीनं ओळ पाठ सांगू शकते, कारण इतकं न्यायानं केलेलं, इतकं मायेनं केलेलं परीक्षण मी त्या संग्रहावर दुसरीकडे वाचलं नाही. कवी वयानं मोठे, मानाचे. त्यांना कुणीतरी सांगितलं. ते वाचनालयात आले, वही पाहिली, काही बोलले नाहीत, आणि जाताना म्हणाले, "बाई, तुमच्याकडून अपेक्षा नव्हती." त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या नोंदीवर पांढरा कागद चिकटवला.

मुलानं तो कागद पाहिला. त्यानंही काही विचारलं नाही. त्यानंतर त्यानं वहीत एक अक्षर लिहिलं नाही, आणि बारावी झाल्यावर त्याचं येणंही थांबलं. आठ कवितांमधला सारखेपणा ज्याला अठराव्या वर्षी दिसतो, असा वाचक एका गावाला किती वर्षांनी मिळतो? मी चाळीस वर्षं मुलांना 'तुला काय वाटलं ते तुझ्या शब्दांत लिही' असं सांगत आले, आणि एकानं खरोखर लिहिलं तेव्हा ते झाकलं. कवी चुकले असं मी म्हणत नाही. पस्तीस वर्षं फक्त शाल-श्रीफळ मिळालेल्या माणसाला पहिला खरा शब्द असाच लागणार. त्यांना तो सवयीचा व्हायला हवा होता आणि त्याची सोय आम्ही, त्यांच्या भोवतालच्यांनी, कधी केली नाही. चूक माझी होती.

म्हणून आता जे वाचनालय अशी वही ठेवील त्याला मी अनुभवावरून काही गोष्टी सांगेन. वहीतलं काही झाकू नये, फाडू नये. लेखकाला उत्तर द्यायचं असेल तर त्याच पानावर खाली जागा ठेवावी. नावाची सक्ती नको, कारण गावात अक्षर ओळखू येतं आणि काहींना तेवढंही धैर्य होत नाही. अशांनी सांगावं आणि टेबलावरच्या माणसानं लिहून घ्यावं. ज्यांना लिहिता येत नाही पण कुणाकडून तरी वाचून घेतात, अशा दोन आजी आमच्याकडे आहेत. त्यांच्या नोंदी मी लिहिते, त्यांच्याच शब्दांत, आणि त्यांना वाचून दाखवते. पुस्तकांच्या दाखल नोंदवहीला जितकं जपतो तितकं हिलाही जपावं, कारण पन्नास वर्षांनी या गावात लोक काय वाचत होते आणि त्यावर काय म्हणत होते, हे दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची सुरुवात 1832 सालची. तिथे दुर्मीळ पोर्तुगीज ग्रंथ, जुनी नियतकालिकं, किती जपून ठेवलेलं आहे. 1526 साली मराठीत श्रीकृष्णचरित्र लिहिणाऱ्या केळशीच्या कृष्णदास शामांचं नाव त्या ग्रंथालयाला आहे. पण शामांची ती कथा ज्यांनी ऐकली त्या केळशीकरांना ती कशी वाटली, हे आपल्याला कधीच कळणार नाही. ते कुणी लिहून ठेवलं नाही.

राज्याच्या ग्रंथालय खात्यानं अनुदानाच्या अटींमध्ये एक अट घालावी: खरेदीच्या ठरावासोबत वाचकांच्या वहीतल्या त्या वर्षीच्या नोंदींची नक्कल जोडलेली असावी. हिशेबाची पावती जोडतोच की आपण. याला पैसा लागत नाही. वही चाळीस-पन्नास रुपयांना मिळते.

आमच्या खरेदी समितीची बैठक यंदा मार्चपर्यंत ताटकळू नये म्हणून चवथीनंतरच्या पंधरवड्यात ठरली आहे. वही मी नेणार आहे. त्या मुलाच्या नोंदीवरचा कागद मी मागच्या आठवड्यात सोडवायला बसले. गोंद जुना होता, खालच्या शाईचे काही तुकडे कागदाबरोबर निघून आले. 'समुद्र' गेला, 'एकटा' अर्धा गेला. होडक्याची ओळ मात्र पूर्ण वाचता येते. गेलेले शब्द मी पेन्सिलीनं भरले आहेत आणि बाजूला माझं नाव आणि तारीख घातली आहे. मुलगा आता म्हापशाला नोकरी करतो असं ऐकलं. त्याच्या आईकडे मी निरोप ठेवला आहे, बैठकीला ये म्हणून.